मिठाचा दारोगा आणि आपले घर

प्रेमचंदांची ‘नमक का दारोगा’ ही कथा हिंदीच्या तासाला मी कितीदा वाचून दाखवली असेल! मीठखात्यातला नवा दारोगा वंशीधर रात्री पंडित अलोपीदीनच्या चोरट्या मिठाच्या गाड्या अडवतो, ४० हजारांची लाच झिडकारतो आणि त्या धनिकाला अटक करतो. न्यायालयात अलोपीदीन सुटतो; नोकरी जाते ती वंशीधरची.

कथेतला खरा घाव मात्र न्यायालयात नाही, घरात आहे. वरकमाईचा उपदेश करणारा बाप मुलाच्या सचोटीवर संतापतो, आईची तीर्थयात्रेची आशा मावळते, बायको धड बोलत नाही. हे सारे प्रेमचंद मोजक्या ओळींत सांगतात आणि वाचकाच्या घरात येऊन बसतात.

शेवट मात्र मला कधी पटला नाही. अलोपीदीन स्वतः येऊन वंशीधरला सालीना ६ हजारांवर आपल्या मिळकतीचा कारभारी नेमतो. लोक याला सचोटीचा विजय म्हणतात. मला तो कायद्याचा पराभव वाटतो. सचोटीचे बक्षीस लाच देणाऱ्याच्याच हातून घ्यायचे, तर मग सरकार कशाला?

आज काय झाले असते? १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच नुसती देऊ करणे हाही आता स्वतंत्र गुन्हा असून त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे कागदावर तरी अलोपीदीन त्या बोलीवरच अडकला असता. पण वंशीधरचे काय? गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला खरा. पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. सुधारणा हवी ती इथे.

ज्याच्याकडून लाच बळजबरीने घेतली गेली, त्याने ७ दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो, असेही ही दुरुस्ती सांगते. वाचकहो, गेल्या वर्षी घराच्या एका कागदासाठी एका कचेरीत मीही पाकीट सरकवले. ते ७ दिवस मी मोजले आणि गप्प बसलो. आठव्या दिवशी वर्गात हीच कथा होती.

माझ्याशी घरात कुणी अबोला धरला नाही. काम झाले म्हणून त्या संध्याकाळी शिरा झाला होता, आणि मी तो खाल्ला.