किल्ल्यावरचे गवत आणि कौले

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यांचे आपल्याकडे कौतुक होते, परीक्षा होत नाही. रत्नागिरीच्या मुलांसमोर तर तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग उभाच आहे. तेव्हा इथल्या अंगणातल्या किल्ल्याकडे जरा कडक नजरेने पाहायला हरकत नसावी. तट-बुरूज मुलांना चांगले साधतात. फसतात ती हिरवळ आणि छप्पर.

हिरवळीसाठी अळीव पेरायचे, हा घरोघरचा रिवाज. चार दिवसांत ते मखमलीसारखे दिसू लागतात आणि वसुबारसेला किल्ला दृष्ट लागण्याजोगा होतो. पण मावळा असतो २ इंचांचा. म्हणजे सारे काही ३३ पटींनी लहान झालेले. भाऊबीजेपर्यंत अळीव त्या मावळ्याच्या छातीला लागतात आणि पहारेकरी रानात हरवतो! त्यापेक्षा जांभ्याच्या गडग्यावरचे शेवाळ बरे. पाऊस नुकताच सरलेला असल्याने ते भरपूर मिळते. सुरीने अलगद सोडवून ओल्या मातीवर थापावे, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे; गवताची उंची आहे तेवढीच राहते. अळीव पायथ्याच्या जंगलाला ठेवावेत, तिथे ते खुशाल माजोत. माडाचे उलटे. ६० फुटी माड या मापाने जवळजवळ २ फूट हवा. मुले तो ४ इंचांत उरकतात आणि कोकणच नाहीसे होते.

छपराचे दुखणे याहून मोठे. इथला पाऊस जन्मापासून पाहिलेल्या मुलाने वाड्यावर सपाट पुठ्ठा टाकावा, याचे नवल वाटते. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी १९१० साली थिबा राजवाडा बांधला, त्यालाही उतरती छपरेच घालावी लागली. हुशार मुले पन्हाळीदार पुठ्ठ्याला गेरू फासून कौले करतात. दिसतात झकास, पण ती मंगलोरी. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, आणि महाराज गेले १६८० साली! भाताच्या काड्या उभ्या चिरून पालथ्या मांडल्या, तर जुनी नळीची कौले हुबेहूब साधतात. वेळ नसेल तर नुसता पेंढा शाकारावा.

बाजारातल्या प्लास्टरच्या किल्ल्यांविषयी काय लिहावे? तिथे छप्पर भिंतीसकट साच्यातून निघते आणि गवत डब्यातून.

सिंहासनावरचे महाराज मावळ्यांच्या तिप्पट असतात, त्यांना मात्र कुणी पट्टी लावू नये. आपल्या जुन्या चित्रांतही राजा इतरांहून मोठाच काढीत.