फसव्या हाकेचे वाङ्मय

शिकारकथेस आपल्या समीक्षकांनी कधी फारसे जवळ केले नाही. प्रवासवर्णन आणि साहसकथा यांच्या मधल्या बोळात तिला उभी करून आपण पुढे जातो. ही उपेक्षा सर्वस्वी अन्याय्य आहे असे नाही. पुष्कळशा शिकारकथा म्हणजे बंदुकीच्या आवाजाने शेवट गाठणाऱ्या बढाया असतात. तथापि या वाङ्मयात एक शाखा अशी आहे की जिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने, निदान अनुकृतीच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने, पाठ फिरवू नये. ती शाखा म्हणजे हाक देऊन जनावर बोलावण्याच्या विद्येवरील लेखन. या विद्येचा सर्वांत कसोटीचा भाग अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर, कोयोट नावाच्या प्राण्याच्या संदर्भात वाढलेला आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. ‘कोयोट’ हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला. शास्त्रीय नाव थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली दिले, आणि त्याचा अर्थ ‘भुंकणारा श्वान’ असा आहे. आपल्याकडे त्याला सरसकट ‘अमेरिकन कोल्हा’ म्हणतात. यात चूक फारशी नाही, पण घोटाळा आहे. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा मूळच्या खोकडाचा आपण कोल्हा केला, आणि द्राक्षे आंबट म्हणण्याचे पातक विनाकारण कोल्ह्याच्या माथी बसले. कोयोट हा बांध्याने कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि आवाजाने दोघांहून विविध. फिलिप लेहनर या अभ्यासकाने १९७८ साली त्याच्या आवाजाचे अकरा प्रकार नोंदविले. दोघे-तिघे कोयोट मिळून ओरडू लागले की ऐकणाऱ्यास मोठा कळप आहे असे वाटते. म्हणजे फसवी हाक ही शिकाऱ्याने शोधून काढली असे मानण्याचे कारण नाही.

शिकाऱ्याची हाक मूलतः सशाच्या मरणकिंकाळीची नक्कल असते. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहानशा पिपाणीत पातळ जिभली बसवून, किंवा नुसता तळहाताच्या मागच्या बाजूस ओठ लावून, ती काढता येते. तरुण, भुकेला कोयोट ती ऐकून धावत येतो. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, आणि जाणते लेखक लिहीतही नाहीत. खरा विषय दुसराच आहे. ज्याने ही किंकाळी एकदा ऐकली, जवळ गेला, आणि गोळी चुकल्यामुळे जिवंत परतला, अशा कोयोटाला पुन्हा कसे बोलवावे? येथून या लेखनाचा सूर बदलतो. मोटार टेकाडाआड ठेवा, तिचे दार आपटू नका. क्षितिजरेषेवर उभे राहू नका, झुडपाच्या सावलीत बसा. प्रथम अगदी हळू हाक द्या, कारण जनावर जवळच असू शकेल. मग थांबा. सशाचा आवाज त्याच्या ओळखीचा झाला असेल तर उंदराची चिरचिर काढा, पाखराचा कलकलाट काढा, पिलाचे केकाटणे काढा; तेही नको असेल तर त्याच्याच भाषेत एक एकाकी आरोळी द्या आणि गप्प बसा. एकाच जागी पुनःपुन्हा येऊ नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वारा सांभाळा. सावध कोयोट आवाजाच्या दिशेने सरळ कधीच येत नाही. तो मोठे वर्तुळ घेऊन, ज्या बाजूस शिकाऱ्याचा वास वाहत जातो, त्या बाजूने येतो. कानाने ऐकलेले नाकाने पडताळून पाहिल्यावाचून त्याला खरे वाटत नाही.

हे वाचताना मला शङ्कुकाची आठवण होते, आणि ती अस्थानी आहे असे मला वाटत नाही. नट रामाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्यावरून भावाचे अनुमान करतो, असे मानणाऱ्या शङ्कुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला. चित्रतुरगाची प्रतीती ही सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारी प्रतीतींहून वेगळी असते. चित्रातला घोडा पाहून त्यावर बसावयास कोणी जात नाही. पिपाणीतल्या सशाला मात्र खावयास कोयोट जातो. म्हणून ही अनुकृती कलेच्या प्रांतात येत नाही, ती भ्रांतीच्या प्रांतात राहते. इतके म्हणून समीक्षकाला सुटका करून घेता आली असती. पण सावध कोयोट आला की हा निवाडा अडखळतो. तो आवाजाला सत्य मानीत नाही, मिथ्याही मानीत नाही; दूर उभा राहून ऐकतो, तपासतो, आणि शिकाऱ्यास आपली नक्कल सुधारावयास लावतो. चांगला श्रोता कलावंताकडून जे करवून घेतो त्याहून हे फार निराळे आहे काय? फरक एवढाच की या मैफलीत दाद देणारा मारला जातो.

येथेच मूल्याचा प्रश्न उपस्थित होतो. या विद्येवरील लेखनाचा एक मोठा दोष असा की त्याची वाक्ये गोळी सुटताच संपतात. ज्या प्राण्याच्या शंकेचा, संयमाचा आणि स्मृतीचा लेखकाने पानोपानी आदराने अभ्यास केला, तो मेल्यावर त्याची लांबी आणि कातड्याचा रंग एवढेच उरते. ज्ञान आहे, त्या ज्ञानाचा भार मात्र लेखकाला जाणवत नाही. साहित्य आणि माहिती यांतले अंतर मला येथे दिसते.

तुलनेसाठी मार्क ट्वेन घ्यावा. १८६१ साली टपालगाडीतून पश्चिमेकडे जाताना त्याने कोयोट पाहिला आणि १८७२ च्या ‘रफिंग इट’मध्ये त्याचे चित्र काढले. ते प्रसिद्ध आहे, आणि माझ्या मते अर्धे खोटे आहे. दारिद्र्याची मूर्ती, भित्रा, हाडांचा सापळा, सर्वांनी टाकलेला असा कोयोट ट्वेनने विनोदासाठी उभा केला. पुढे मात्र गावठी घमेंडखोर कुत्रा त्याच्या मागे लागतो, आणि कोयोट त्याला खेळवीत खेळवीत शेवटी मैदानात एकटा टाकून निघून जातो, तेव्हा ट्वेनच्या गद्याचा कल नकळत बदलतो. तुच्छतेने आरंभलेले चित्र कौतुकात संपते. लेखणी लेखकाच्या मताहून प्रामाणिक निघाल्याचे हे उदाहरण वर्गात दाखविण्यासारखे आहे.

अर्नेस्ट थॉम्प्सन सीटनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. १९०१ च्या ‘लाइव्ह्ज ऑफ द हंटेड’मध्ये टिटो नावाच्या कोयोट मादीची कथा आहे. सापळा आणि विष यांची ओळख तिला माणसांच्या सहवासात होते, आणि ते शहाणपण ती पुढे पिलांना देते. सावधपणा हा उपजत गुण नसून तो शिकला व शिकविला जातो, हे या कथेचे मर्म होय. १९०३ साली जॉन बरोज यांनी सीटन आणि त्याच्या पंथाच्या लेखकांवर कडक टीका केली: हा निसर्ग नव्हे, निसर्गाची खोटी नक्कल आहे. १९०७ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही या वादात बरोज यांची बाजू घेतली. बरोज यांचा आक्षेप निराधार नव्हता. सीटनचे प्राणी फार सुसंगत विचार करतात. पण बरोज यांनी सावध कोयोटाप्रमाणे वर्तुळ घेतले आणि वास आला म्हणून ते परत फिरले. आवाजात खरे काय होते ते ऐकावयास ते थांबले नाहीत. प्राणी अनुभवाने शिकतो हे आज शास्त्रही मानते, आणि बोलावणाऱ्या शिकाऱ्यांचे सारे लेखन त्याचीच साक्ष देते.

सीटनने स्वतः फसवी हाक वापरली होती. ‘लोबो’ या कथेतील लांडग्याला विषाने वा सापळ्याने पकडता येईना, तेव्हा न्यू मेक्सिकोत १८९४ साली त्याने प्रथम ब्लांका या त्याच्या मादीला मारविले, आणि तिच्या देहाचा वास सापळ्यांभोवती पसरविला. रात्रभर तिला हाका मारीत फिरणारा लोबो त्यात सापडला. ही हकीकत सीटनने लपविली नाही. त्या कथेचे सामर्थ्य लांडग्याच्या पराक्रमात नाही, लेखकाने आपले कृत्य वाचकासमोर उघडे ठेवले यात आहे.

कॉर्बेटने ठाकच्या नरभक्षक वाघिणीस १९३८ च्या नोव्हेंबरात वाघाच्या आवाजात साद घालून जवळ आणले, ही कथा ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’च्या (१९४४) वाचकांस ठाऊकच आहे. तेथे माणसे मरत होती. अंधार पडत होता. हाकेस जीविताचे कारण होते. कोयोटाच्या शिकाऱ्यास असे कारण फार क्वचित असते. मेंढपाळाचे नुकसान खरे, परंतु सरकारी यंत्रणेने अलीकडच्या काही वर्षांत दरसाल साठ हजारांहून अधिक कोयोट मारूनही तो प्राणी हवाई सोडून अमेरिकेच्या सर्व राज्यांत पसरलेला आहे. मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ साली बंदी घातली, नंतर आणखी काही राज्यांनी.

या सर्वांत मला सर्वाधिक समाधान देणारा ग्रंथ टेक्सासच्या जे. फ्रँक डोबी यांचा ‘द व्हॉइस ऑफ द कोयोटी’ (१९४९). त्याची मांडणी विस्कळीत आहे. मेंढपाळ, गुराखी, मेक्सिकन म्हातारे यांच्या आठवणी गोधडीसारख्या एकमेकींस जोडलेल्या आहेत. पण डोबी ऐकतात. कोयोटाला बोलावून आणण्यापेक्षा तो काय बोलतो हे कळावे अशी त्यांची इच्छा आहे, आणि ती पानापानांतून जाणवते. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’त किंवा ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) जी स्थिर नजर आढळते, तिच्याशी डोबींचे नाते आहे.

आपल्याकडील फासेपारधी पाळीव तितराच्या ओरडण्यावर रानातले तितर बोलावून आणीत. त्या विद्येची परिभाषा, तिचे संकेत, त्या माणसांच्या तोंडून कोणी सविस्तर उतरवून घेतले असते तर आपले वाङ्मय अधिक श्रीमंत झाले असते. आपल्या शिकारकथा बहुधा बंदूकवाल्याने लिहिल्या; हाक देणाऱ्याने लिहिलेली कथा माझ्या वाचनात नाही.

शेवटी वर्गातला एक प्रसंग. पंचतंत्रातील निळ्या कोल्ह्याची गोष्ट मी शिकवीत होतो. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला चण्डरव दूरवरची कोल्हेकुई ऐकतो, त्याचे अंग शहारते, डोळ्यांत पाणी येते, आणि तो ओरडून स्वतःचा घात करून घेतो. ढोंग करणाऱ्यास शिक्षा झाली, असे तात्पर्य मी फळ्यावर लिहीत होतो. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, ती दूरची कोल्ही त्याला बोलावीत होती, की नुसतीच ओरडत होती?” मी खडू खाली ठेवला. त्या दिवशी तात्पर्य अर्धेच लिहिले गेले.