ती कमेंट उद्धट नव्हती

मस्कतहून निझव्याला गेलात, तर दारिसचा फलज बघताना स्वतःला विचारा: पंपाशिवाय हे पाणी इथवर आलं कसं? उत्तर पाण्यात नाही, जमिनीच्या उतारात आहे. ओमानमधले काही फलज तर आडव्या आलेल्या वादीच्या खाली उतरतात आणि पलीकडे पुन्हा वर येतात. अलीकडचं तोंड पलीकडच्यापेक्षा उंच आहे, हे लक्षात आलं की कोडं सुटतं.

जुना कर्नल कोडही असाच वाचावा लागतो. युनिक्सच्या 1975च्या सहाव्या आवृत्तीत, एक प्रोसेस थांबवून दुसरी सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये एक प्रसिद्ध कमेंट आहे. तिचा अर्थ असा, की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. बऱ्याच जणांनी ती गर्वोक्ती म्हणून वाचली.

डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला: सूर ‘हे परीक्षेला नाही’ असा होता, आणि खरी अडचण म्हणजे आम्हालाच ते नीट कळलं नव्हतं! तिथे स्टॅक बदलला जायचा आणि ‘रिटर्न’ भलत्याच फंक्शनमधून व्हायचा. पीडीपी-11चा कंपायलर प्रत्येक फंक्शनमध्ये रजिस्टर एकाच पद्धतीने जपून ठेवायचा, म्हणून हे चालून गेलं. इंटरडेटाच्या मशीनवर ती पद्धत फंक्शनगणिक बदलायची. तिथे ही युक्ती टिकणार नव्हती, म्हणून तो भाग नव्याने लिहावा लागला.

जॉन लायन्स यांनी 1977मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्यांसाठी या कर्नलवर भाष्य लिहिलं. ओळींना क्रमांक देऊन कोड एका पुस्तिकेत, स्पष्टीकरण दुसऱ्या. परवान्याच्या बंधनांमुळे ते वर्षानुवर्षं झेरॉक्स प्रतींवर फिरलं आणि 1996मध्ये रीतसर छापलं गेलं. आजही वाचावं असंच आहे. पण त्याची मर्यादाही इथेच दिसते. ओळीओळीने वाचून कोड काय करतो हे कळतं. तो कशाच्या भरवशावर उभा आहे, हे मशीन बदललं की उघडं पडतं.

पहिल्या नोकरीत तुमच्यापुढे असा कोड येईल. ‘हात लावू नकोस, चालतंय ना’ असंही कुणी सांगेल. लगेच स्वतःला मठ्ठ ठरवू नका. हा कोड कुठल्या मशीनसाठी, कुठल्या कंपायलरवर, कधी लिहिला ते आधी शोधा. कदाचित लिहिणाऱ्यालाही तेव्हा पूर्ण कळलं नसेल.