'वाढ नाही' म्हणजे काय?

रक्तदानाविषयीच्या पाठांत आणि भित्तिपत्रकांत पाच चाचण्यांची यादी हमखास असते: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस, मलेरिया. यादी बरोबर आहे. पण सिफिलिसचा जंतू सोडला तर तीत जिवाणूंचे नाव नाही, ही आमची तक्रार. दाता निरोगी असला तरी त्याच्या कातडीवरचे जिवाणू सुईबरोबर पिशवीत जाऊ शकतात. हात, पाणी, उपकरणे यांवरूनही. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात, तिथे बहुतेक जिवाणू थंडावतात (यर्सिनिया मात्र तिथेही वाढतो!). रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट्स, २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात. जिवाणूंना आणखी काय हवे? आणि त्या अनेकदा दिल्या जातात रक्ताच्या कर्करोगाने प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला.

म्हणून रक्तपेढीत परिसराची तपासणी करतात. आगर भरलेली बशी काही वेळ उघडी ठेवायची, उबवायची, वसाहती मोजायच्या. अशा नोंदींची एक वही आम्हाला पाहायला मिळाली. पानोपानी एकच शेरा: 'वाढ नाही'. बशी कुठे ठेवली, तेव्हा खोलीत काम चालू होते की दाराला कुलूप होते, याचा उल्लेख नाही. त्याच आगरावर मुद्दाम सोडलेले जिवाणू तरी वाढतात का, हे पाहिल्याची नोंद नाही. आगरच निकामी असेल तर? वर्गात हाच प्रयोग करताना तुलनेसाठी दुसरी बशी ठेवा, असे आपण सातवी-आठवीच्या मुलांना बजावतो.

शिवाय उघडी बशी टिपते ते फक्त हवेतून खाली बसणारे. गोठवलेला प्लाझ्मा वितळवण्याच्या ३७ अंशांच्या पाण्यात स्यूडोमोनास वाढत असला तर तिला पत्ताही लागत नाही. त्यासाठी त्या पाण्याचाच नमुना हवा, आणि प्लेटलेट्स हलवणाऱ्या यंत्राच्या तबकावरून फिरवलेला ओला बोळा.

१९९१ साली डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये रक्त दिलेल्या काही रुग्णांना सेरेशिया मार्सेसन्स या जिवाणूची लागण झाली. माग काढत तपास पोचला तो पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत. तिथल्या परिसरातही तो सापडला. रक्तपेढीच्या हवेतील बशी इथे काय सांगणार होती?

बशा ठेवणे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या वहीत 'वाढ नाही'च्या शेजारी निदान तीन रकाने आखायला हवेत: जागा, वेळ, आणि जिवाणू मुद्दाम सोडलेल्या बशीचा निकाल.