‘स्मृतिचित्रां’तील श्रद्धेचें स्थान

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं, आणि तेव्हांपासून मराठी घरांत तीं बहुधा हंसत हंसत वाचलीं जातात. वडिलांचें अतिरेकी सोवळें, टिळकांचा क्षणांत भडकून क्षणांत निवणारा स्वभाव, त्यांच्या हातीं पैसा न टिकण्याची रीत, हे प्रसंग वाचकांस तोंडपाठ असतात. बाईंच्या विनोदाची व निर्मळ भाषेची स्तुति करण्यास कोणीच चुकत नाहीं. परंतु या स्तुतींत एक सोयीस्कर मौन आहे. बाई ख्रिस्ती झाल्या ही गोष्ट आपण कथेंतील एक वळण म्हणून वाचतों आणि पान उलटतों. विनोद बाईंचा व धर्म टिळकांचा, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे. ती ग्रंथास न्याय देणारी नाहीं, असें आमचें मत आहे.

टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ती बातमी पत्नीस मागाहून कळली. पति हयात, पण संसार संपलेला. कपाळीं कुंकू, पण घर नाहीं. पदरीं लहानगा दत्तू. या स्थितीस त्या वेळच्या समाजाजवळ नांवच नव्हतें. विधवेसाठीं निदान ठरलेला एक कोपरा तरी होता. ताटातुटीचीं हीं वर्षें सांगतांना बाईंनीं कोठेंहि गळा काढलेला नाहीं, तरी तीं पानें वाचवत नाहींत. पुढें त्या पतीकडे परतल्या, त्या आपलें सोवळें बरोबर घेऊनच. पतीशीं समेट झाला होता, पतीच्या धर्माशीं झाला नव्हता.

मग हें मन वळलें कसें? येथें वाचक एखाद्या दिव्य प्रकाशाच्या क्षणाची वाट पाहतो, आणि बाई त्याची निराशा करतात. जातिभेद ईश्वरानें केला कीं माणसानें, या प्रश्नापाशीं त्या थबकतात. तो माणसाचा, असें मनाशीं ठरतांच कोणाच्याहि हातचें खाण्यास सिद्ध होतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे श्रद्धा त्यांच्या जीवनांत शिरली ती स्वयंपाकघराच्या दारानें. ज्या घरांत बापाच्या सोवळ्यानें सर्वांचें बालपण करपलें, त्या घरच्या मुलीस मुक्तीचा अर्थ प्रथम तेथेंच कळावा, यांत नवल नाहीं.

याच्या शेजारीं पंडिता रमाबाईंची १९०७ सालची साक्ष ठेवून पाहावी. १८७४ च्या सुमारास आईबाप उपासमारीनें गेले, १८८० त भाऊ, १८८२ त पति. इतके आघात सोसलेली ही विदुषी आपल्या अंतःकरणाचा हिशोब कसोशीनें मांडते: १८८३ त बाप्तिस्मा घेतला तेव्हां आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, आणि तो पुढें आठ वर्षांनीं सांपडला. हा भेद करणारी बुद्धि साधी नव्हे. तरीहि त्या साक्षींतील आमच्या मनांत ठसलेलें पान निराळेंच आहे. इंग्लंडांत असतां फुलहम येथें पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनीं पाहिल्या, ही दया कोठून आली असें विचारलें, आणि उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकावयास मिळाली. सेवा आधीं दिसली, तिचें कारण मागून समजलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुलींना गोळा करून केडगांवास आणणाऱ्या रमाबाईंचें मूळ त्या पानांत आहे, आणि अर्थात् स्वतःच्या बालपणींच्या उपासांतहि.

रमाबाई अंतरंग उलगडतात. लक्ष्मीबाई तें झांकून हातांचें काम तेवढें दाखवितात. नगरास प्लेग आला असतां त्या रोग्यांच्या शुश्रूषेस गेल्या. घरांत पोरकीं मुलें येत गेलीं; त्यांत नकुशी नांवाची एक पोर. आईबापांची हताशा त्या नांवांतच उभी आहे, आणि बाईंनीं तें नांव बदलण्याचा समारंभ न करतां पोर पोटाशीं धरली. दमलेल्या मनाला त्यांच्याजवळ एवढेंच औषध होतें: आपल्याहून अधिक दमलेला जीव शोधावा व त्याला आधीं जेवूं घालावें.

कोणी म्हणेल, ही तर मूळचीच मायाळू बाई. तिला नव्या धर्माची काय गरज? आक्षेप वजनदार आहे. परंतु ग्रंथच त्याचें उत्तर देतो. पूर्वींची लक्ष्मीबाईहि मायाळू होती, पण तिची माया सोवळ्याच्या रेषेशीं थांबे. परजातीच्या मरणोन्मुख पोरीला ती दुरून धान्य देती. कुशींत घेती ना. श्रद्धेनें तिला नवें हृदय दिलें असें नव्हे, असलेल्या हृदयापुढची रेषा पुसली.

या संयमाची किंमतहि ग्रंथास मोजावी लागली आहे. वाईट रात्रीं बाई काय प्रार्थना करीत, हें आपणांस जवळजवळ कळत नाहीं. उत्तरार्धांत गांवें, बदल्या व मिशनांतील माणसें यांची गर्दी होते आणि जेथें थांबावें तेथें लेखणी पुढें धांवते. १९१९ त टिळक वारले; त्या मृत्यूनंतरच्या एकाकीपणाबद्दल आणखी दहा पानें असतीं तर बरें झालें असतें.

तीं दहा पानें दुसरीकडे आहेत, असें मात्र म्हणतां येईल. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ दहाव्या अध्यायानंतर अपुरें राहिलें होतें. ज्या बाईला अक्षरओळख पतीनें करून दिली, तिनें चौसष्ट अध्याय रचून तें काव्य जवळजवळ पुरें केलें. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यानें लिहिला. १९३६ त त्या गेल्या, व ग्रंथ १९३८ त बाहेर आला. काव्यगुणांत टिळकांची बरोबरी या अध्यायांस सर्वत्र साधली आहे, असा आमचा आग्रह नाहीं. आज हें काव्य फारसें कोणी उघडीतहि नाहीं. तरी ‘स्मृतिचित्रें’ ज्यांस प्रिय आहेत त्यांनीं अकराव्या अध्यायापासून पुढें दोन-चार अध्याय अवश्य वाचावे.