शिरगणती आणि वंशावळ : एक साधनचिकित्सा

जुन्या शिरगणतीच्या कागदांत आपले पूर्वज सापडतील, अशी समजूत कुलेतिहासाच्या हौशी अभ्यासकांत आढळते. ही समजूत इंग्लंडातून आलेली आहे, आणि त्या देशापुरती ती साधारही आहे. तेथे ६ जून १८४१ च्या शिरगणतीपासून घरोघरच्या माणसांची नावे असलेली पत्रके जपून ठेवण्यात आली. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्मगावही त्यांत येऊ लागले. शंभर वर्षे उलटल्यावर ती अभ्यासकांस खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. धन्याच्या घरी राबणारी मोलकरीणही तेथे नावानिशी भेटते. ही साधने निर्दोष आहेत असे मात्र नव्हे. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे असा दंडक होता, त्यामुळे चौतीस वर्षांचा गृहस्थ कागदावर तीस वर्षांचा होतो. १९३१ ची पत्रके तर १९४२ मध्ये जळून गेली. तरीही तेथे नाव उरले आहे, आणि वंशावळीचा धागा नावावाचून धरता येत नाही.

भारतीय शिरगणतीचा प्रकार मुळातच निराळा आहे. १८७२ ची गणना निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. १७ फेब्रुवारी १८८१ ची गणना ही देशभर एकाच वेळी झालेली पहिली. गणक दारोदार हिंडले आणि त्यांनी नावेही लिहिली. परंतु ती पत्रके म्हणजे बेरजेची केवळ कच्ची सामग्री होती. कोष्टके तयार झाली की पत्रके नष्ट करण्यात येत. १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्यांची वर्गवारी करण्याची पद्धत आली, आणि मोजणी अधिकच सुकर झाली. मागे राहिले ते छापील खंड. अमुक जिल्ह्यात विधवा किती, साक्षर किती, अमुक जातीची माणसे किती, हे ते खंड सांगतात. ती माणसे कोण, हे सांगत नाहीत. मराठीत या उद्योगास आधी ‘खानेसुमारी’ व पुढे ‘शिरगणती’ म्हणत. एकात घरे मोजली जातात, दुसऱ्यात डोकी. नावांचे आश्वासन दोन्ही शब्दांत नाही.

पत्रके उरली असती तरी स्त्रियांच्या बाबतीत फारसे हाती लागले नसते. घरातील स्त्रीचे नाव सांगण्यास कोणी हरकत घेतल्यास नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी सूचना गणकांस दिलेली असे. त्यात महाराष्ट्रात अनेक घरांतून लग्नात मुलीचे नावही बदलत असल्यामुळे माहेरची आणि सासरची नोंद एकाच स्त्रीची आहे हे ठरवणे दुरापास्तच होते. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने शिरगणतीच्या मूळ नोंदी तपासणीस बंद केल्या, आणि काही अपवाद वगळता पुराव्यातही अग्राह्य ठरवल्या. १९५१ च्या गणनेतील नावे मात्र नागरिकांच्या नोंदवहीत उतरून घेण्यात आली होती. आसामात पुढे त्याच वहीत आजोबांचे नाव शोधण्याची पाळी लक्षावधी लोकांवर आली.

मग मराठी घराण्यांच्या वंशावळी उभ्या राहिल्या त्या कशावर? मुख्यतः तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनाचे कागद आणि घरोघरून मागवलेली माहिती यांवर. कुलवृत्तांतांचे ग्रंथ याच सामग्रीतून सिद्ध झाले, आणि त्यांमागील चिकाटीबद्दल आदरच वाटला पाहिजे. परंतु वतन नसलेल्याचे कागद नसतात, आणि ज्याला यात्रा परवडली नाही त्याचे नाव उपाध्यायाच्या वहीत चढत नाही. भूमिहीनास आजोबा नव्हते असे नाही. त्याच्या आजोबांचे नाव लिहून ठेवण्याचे कोणास प्रयोजन नव्हते, इतकेच. त्याची नोंद सापडलीच तर ती गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे ज्यास आज ‘कोतवाल बुक’ म्हणतात तेथे, किंवा शाळेच्या दाखल्यात.

हा विषय निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावचे जुने दप्तर उघडले गेले. त्या वेळच्या वादविवादात निजामाच्या राज्यातील १८८१ च्या शिरगणतीचे आकडेही पुढे करण्यात आले. आरक्षणाच्या प्रश्नाचा निर्णय हे येथील काम नव्हे. साधनाच्या दृष्टीने एवढे मात्र म्हणावे लागते की, जिल्ह्यात अमुक हजार कुणबी होते या विधानावरून त्या जिल्ह्यातील एका विशिष्ट माणसाचा पणजोबा कुणबी होता असे अनुमान निघत नाही. आणि तो नव्हता असेही निघत नाही. आकडा समूहाविषयी बोलतो, दाखला व्यक्तीविषयी मागितला जातो. या दोहोंमधील अंतर केवळ नावाची नोंदच भरून काढू शकते.

आणि नावाची नोंद मिळाली म्हणजे काम संपले असेही नाही. खरी चिकित्सा तेथूनच सुरू होते. जुन्या गावदप्तरात आडनाव बहुधा नसते. ‘राघो बिन बाळा’ किंवा ‘राघो वलद बाळा’, म्हणजे बाळाचा मुलगा राघो, एवढीच ओळख असते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नसतो, शब्दही तोडून लिहिलेले नसतात. म्हणून वाचनातच पहिला घोटाळा संभवतो. दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल घराघरांत होती. त्यामुळे राघो बिन बाळा, त्याचा मुलगा बाळा बिन राघो, आणि त्याचा मुलगा पुन्हा राघो बिन बाळा, अशी साखळी तयार होते. पन्नास वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन नोंदी अक्षरशः सारख्या दिसतात, आणि घाईचा संशोधक आजोबा व नातू यांचा एकच मनुष्य करून टाकतो. मधल्या दोन पिढ्या गळतात, आणि वंशावळ वाचणाऱ्यास तिच्यात काही उणे आहे अशी शंकाही येत नाही. उलटही घडते : एकाच गावी त्याच नावाचे दोघे समकालीन असले, तर परक्याचा वंश आपल्या घरास चिकटतो.

अशा ठिकाणी नावापेक्षा जमीन अधिक विश्वासू ठरते. सर्व्हे नंबर नातवासाठी बदलत नाही. फेरफारातील वारसनोंद मृत्यूचा सुमार आणि वारसांची नावे एकत्र देते, आणि दोन राघोंपैकी कोणता कोणत्या शेताचा हे तेथे बहुधा उलगडते. ज्याच्या घरी शेतच नव्हते त्याच्यासाठी मात्र हाही मार्ग बंद राहतो. त्याचा राघो आणि त्याच्या नातवाचा राघो यांना वेगळे करणारी ओळ शोधायची तर कोतवालाच्या वहीतील मृत्यूच्या तारखांकडेच परत जावे लागते.