बिनतारणी दाद

नव्या गायकाला दाद देणं म्हणजे बिनतारणी कर्ज देणं. बँकेत असल्या अर्जाला साहेब हातसुद्धा लावत नाहीत! बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलनं मात्र १९६७ पासून २००४ साली मरेपर्यंत हाच व्यवहार केला. उत्तर आयर्लंडमधल्या 'द अंडरटोन्स' या पोरांचं गाणं १९७८ मध्ये त्यानं लागोपाठ दोनदा वाजवलं. पाठोपाठ रेकॉर्ड कंपनीनं करार केला. निक ड्रेकलाही त्यानं १९६९ मध्येच आपल्या कार्यक्रमात गायला बोलावलं होतं. पण बाकीच्यांचे कान बंद! ड्रेकच्या तीन तबकड्या जेमतेम खपल्या आणि १९७४ साली, अवघ्या २६ व्या वर्षी, तो गेला. पुढे मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं, अन् जो तो रसिक झाला. मयत खातेदाराच्या नावावर व्याज जमा करायला काय लागतं हो?